अर्ध्या उजेडातली घरघर

नाटकातला सर्वांत नाजूक प्रवेश सहसा पूर्ण उजेडात नसतो. दिवे मंदावतात, पार्श्वसंगीत विरतं, नटाचा आवाज खाली येतो, प्रेक्षागृह स्तब्ध होतं आणि नेमकी तेव्हाच स्पीकरमधून घरघर ऐकू येऊ लागते. चार-दोन माना मागे वळतात. साउंडवाला गडबडीने फेडर खाली ओढतो आणि घरघरीबरोबर संवादही जातो. यात दुर्दैवाचा भाग काही नाही. डिमर अर्ध्यावर असतो तेव्हा त्याचा विजेतला गोंगाट सर्वाधिक असतो, नाटक हळवं होतं तेव्हा दिवे अर्ध्यावर येतात आणि नट हळू बोलतो म्हणून माइकचा गेनही त्याच क्षणी वाढवलेला असतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येणारच. तरीही छोट्या नाट्यगृहांतल्या या घरघरीबद्दल वर्षानुवर्षं दोष दिला जातो तो साउंडवाल्याच्या हलगर्जीपणाला, नाहीतर मिक्सरच्या दर्जाला. माझं म्हणणं असं की हा आजार यंत्राचा कमी आणि इमारतीचा जास्त आहे. तो वायरिंगच्या नकाशात आणि निविदेच्या कागदांत ठरतो. एकदा भिंतींना प्लास्टर झालं की तिथे होणारं प्रत्येक नाटक तो मुकाट भोगतं.

कोल्हापुरात हा विषय आत्ताच काढायला कारण आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचं कलोझियम पाहून आले आणि त्यातून पुढे खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. त्याला लागूनच त्यांनी पॅलेस थिएटर बांधलं. ते १९१५ मध्ये खुलं झालं आणि नंतर त्याला केशवरावांचं नाव मिळालं. कुस्तीचा आखाडा आणि नाटकाचा रंगमंच एकमेकांना पाठ लावून उभे आहेत, असं दृश्य या गावाबाहेर क्वचितच दिसेल. आगीनंतर पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. अशा वेळी लोकांचं लक्ष साहजिकच दर्शनी भागाकडे, छपराकडे, खुर्च्यांकडे जातं. शंभर वर्षांच्या वास्तूचं रूप जपायला हवं, यात वादच नाही. पण ज्या वास्तूची ख्याती आवाजावर उभी आहे, तिच्या पोटात कोणती वायर कोणत्या वायरशेजारून जाते, हाही रूपाइतकाच जपणुकीचा प्रश्न आहे. आगीच्या कारणमीमांसेत मला इथे शिरायचं नाही. मुद्दा पुढचा आहे.

आधी डिमर काय करतो ते पाहू. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. प्रत्येक आवर्तनाचे दोन अर्ध, म्हणजे सेकंदाला शंभर अर्धलहरी, प्रत्येकी दहा मिलिसेकंदांच्या. जुन्या काळी दिवा मंद करायचा तर मध्ये रोध घालत. तारेचे गुंडाळे, क्वचित मिठाच्या पाण्याचे डिमरसुद्धा. पुढे आपल्याकडे ज्याला सर्रास डिमरस्टॅट म्हणतात ते ऑटोट्रान्सफॉर्मर आले. हे सगळे अवजड होते. रोधाचे डिमर वीज उष्णतेत उधळत आणि मिठाच्या पाण्याचे तर जिवावर बेतणारे होते. पण विजेच्या लहरीचा आकार ते बिघडवत नसत, नुसती तिची उंची कमी करत. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर आणला आणि चित्र बदललं. हा डिमर लहर बुटकी करत नाही, कापतो. अर्धा उजेड हवा असेल तर तो अर्धलहरीच्या सुरुवातीला दार बंद ठेवतो, साधारण पाच मिलिसेकंद थांबतो आणि मग एकदम उघडतो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात लहरीचा माथा सुमारे ३२५ व्होल्टवर असतो. म्हणजे शून्यावर असलेली तार काही मायक्रोसेकंदांत थेट माथ्यावर जाते आणि हे सेकंदाला शंभर वेळा घडतं. डिमर पूर्ण असला की कापाकापी जवळपास नसतेच. बंद असला की प्रवाहच नसतो. मधल्या टप्प्यात मात्र उडी सर्वांत उंच असते. त्या प्रत्येक उडीत १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे वरचे कंप भरलेले असतात आणि ते माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यातून पार पुढे जातात. मेनची साधी ‘हं’ आणि डिमरची खरखरीत घरघर कानाला वेगळी लागते ती यामुळेच.

चांगला डिमर ही उडी थोडी निसरडी करतो. आत चोक असतो, म्हणजे लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची जाड तार. प्रवाह चढायला लागणारा वेळ तो काही मायक्रोसेकंदांवरून दोन-चारशे मायक्रोसेकंदांवर नेतो. हा आकडा प्रतिष्ठित डिमरच्या माहितीपत्रकात छापलेला असतो, पण खरेदीच्या वेळी तो विचारणारे फार थोडे. ‘किती चॅनेल, किती किलोवॉट’ एवढ्यावर सौदा होतो आणि किंमत उतरवायची तर तांबं आणि लोखंड हेच आधी कमी केलं जातं. कोल्हापुरात, जिथे उद्यमनगरात मोटारींचं वाइंडिंग करणारे कसबी हात गल्लोगल्ली आहेत, तिथे चोक नसलेला डिमर वापरावा लागणं जरा चमत्कारिकच. चोक मोठा असला की डिमरची खोली स्वतःच गुणगुणते आणि चोक लहान असला की दिव्यातली तार किंचित थरथरून आवाज करते. पण ती गुणगुण हवेतून येते, स्पीकरमधून नव्हे. तपासाच्या सुरुवातीलाच या दोहोंत फरक केला नाही, तर माणसं तासन् तास मिक्सर उघडून बसतात.

गोंगाट आवाजाच्या वायरीत शिरतो कसा, हा पुढचा प्रश्न. पहिला रस्ता चुंबकीय. दिव्यांची जाड वायर आणि माइकची बारीक वायर एकाच बाजूने, एकाच खाचेतून वीस मीटर समांतर गेली, की एकीतला झटका दुसरीत उमटतो. माइकच्या वायरीवरचं तांब्याचं जाळं इथे फारसं कामाला येत नाही, कारण कमी कंपनांच्या चुंबकीय क्षेत्राला तांबं अडवत नाही. थोडंफार अडवतो तो लोखंडी पाइप, आणि आपण हल्ली बसवतो प्लास्टिकचा. खरं संरक्षण मिळतं ते माइकच्या दोन तारांच्या पिळामुळे आणि संतुलित जोडणीमुळे. दोन्ही तारांत सारखाच गोंगाट शिरला की मिक्सर त्यांची वजाबाकी करतो. त्यातली एक तार प्लगमध्ये तुटली की वजाबाकी संपते. आवाज येत राहतो, म्हणून तुटलेली तार कुणाच्या लक्षातही येत नाही. डिमरच्या बाजूने पाहिलं तर फेज एका रस्त्याने गेली आणि न्यूट्रल दुसऱ्या रस्त्याने परतला, की त्या दोहोंमधली जागा जेवढी मोठी तेवढं क्षेत्र मोठं. दिवे टांगायच्या, घाईने बांधलेल्या बारवर सुट्या वायरी टाकल्या की असंच होतं.

मराठी नाटकाची इथे एक खास अडचण आहे. ऑर्केस्ट्राचा गायक माइक ओठांपासून दहा सेंटिमीटरवर धरतो. आपला नट फूट माइकपासून तीन मीटरवर उभा असतो. अंतर तीस पट, म्हणजे मिक्सरवर सुमारे ३० डेसिबल जास्त गेन लागणार आणि वायरीत शिरलेली घरघरही तेवढीच वर येणार. ज्या डिमरवर लग्नाचा ऑर्केस्ट्रा निर्वेध पार पडतो त्याच डिमरवर दोन पात्रांचं कौटुंबिक नाटक घरघरतं, याचं कारण हे. शिवाय फूट माइक आणि फूटलाइट दोन्ही रंगमंचाच्या त्याच एका काठावर, अनेकदा एकाच फळीखाली दडवलेले असतात. चोर आणि शिपाई एका खोलीत ठेवल्यावर तक्रार कुणाकडे करायची?

दुसरा रस्ता न्यूट्रलचा. तो जास्त गंभीर आहे आणि कमी माहितीचा. तीन फेजवर भार सारखा वाटला की न्यूट्रलमध्ये प्रवाह उरत नाही, हे वायरमनचं पाठ गणित. ते अखंड लहरीला लागू आहे. कापलेल्या लहरीतला तिसरा कंप, म्हणजे १५० हर्ट्झचा भाग, तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी चढतो-उतरतो. न्यूट्रलमध्ये तो कटत नाही, उलट साठतो. सगळे डिमर अर्ध्यावर असताना न्यूट्रलमधला प्रवाह एका फेजच्या प्रवाहाहून जास्त होऊ शकतो. त्या तारेची जाडी फेजइतकी किंवा, काटकसर केली असेल तर, त्याहून कमी असते आणि तिच्यावर एमसीबीही नसतो. म्हणजे घरघर ऐकू येते तिथे कुठेतरी न्यूट्रल तापतही असू शकतो. यावर रंगकर्मींचा लोकप्रिय उपाय असा: ‘साउंडला वेगळी फेज द्या.’ नळ वेगळे झाले तरी मोरी एकच राहते. फेज वेगळी, पण न्यूट्रल तोच आणि अर्थही तोच, मग वेगळेपण उरलं कुठे? खरं वेगळेपण म्हणजे मुख्य पॅनेलपासूनच आवाजाची स्वतंत्र लाइन, शक्य तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि मिक्सर, अॅम्प्लिफायर व रंगमंचावरचे आवाजाचे सगळे सॉकेट त्याच एका लाइनवर. विंगेतला जवळचा सॉकेट रिकामा दिसला म्हणून कीबोर्ड तिथे लावला, की सगळी मेहनत पाण्यात.

तिसरा रस्ता अर्थिंगचा. मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागच्या टोकाला एका अर्थला जोडलेला आणि अॅम्प्लिफायर रंगमंचाच्या बाजूला दुसऱ्या. दोन्हींत काही मिलिव्होल्टांचा फरक असतोच. दोघांना जोडणाऱ्या वायरीच्या जाळ्यातून तो फरक वाहू लागतो. हौशी नाटकांत याचा नेहमीचा गुन्हेगार पार्श्वसंगीताचा लॅपटॉप असतो. त्याचा चार्जर काढला की घरघर थांबते, इतकं साधं. बॅटरी संपेपर्यंत तरी. कायमचा उपाय ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स. पण या रस्त्यावरचे घरगुती उपाय धोक्याचे आहेत आणि त्याबाबत सौम्य बोलण्यात अर्थ नाही. साउंडसाठी अंगणात वेगळा खड्डा खणून मीठ-कोळसा भरून ‘स्वच्छ अर्थ’ काढण्याची आपल्याकडे मोठी हौस. तो खड्डा इमारतीच्या अर्थला जोडलेला नसेल तर वीज कोसळताना किंवा कुठे फेज अंगावर आली असताना दोन खड्ड्यांमध्ये शेकडो व्होल्टचा फरक पडू शकतो आणि त्या फरकाच्या मध्ये माइक धरलेला नट उभा असतो. अर्थिंगची भारतीय संहिता, आयएस ३०४३, सगळे अर्थ एकमेकांशी बांधायला सांगते ती यासाठीच. आवाजासाठी स्वतंत्र अर्थ वायर ओढता येते, पण तिचं टोक मुख्य अर्थपट्टीवरच यायला हवं. याहून वाईट उपाय म्हणजे तीन पिनच्या प्लगमधली अर्थ पिन काढणं. घरघर खरंच थांबते, म्हणून तो टिकून आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी अर्थ नीट नसलेल्या माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने रंगमंचावरच मरण पावला. घरघर ही तक्रार आहे. तिचं तोंड दाबण्यासाठी जिवाचं कवच काढून ठेवायचं नसतं.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा घरघरीचं इतकं कौतुक कशाला, चालू नाटकात ती कुणाला ऐकू येते? संगीताकडे वळलं की उत्तर मिळतं. कोल्हापूर अल्लादिया खाँसाहेबांचं गाव, १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब इथला. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याच्या तंबोऱ्यातला मंद्र पंचम सुमारे ९८ हर्ट्झवर येतो. मेनच्या पन्नासाची दुप्पट १००. म्हणजे विजेचा सूर पंचमाच्या अगदी जवळ, पण सुमारे तृतीयांश अर्धस्वराने चढा. तंबोऱ्याशी तो सेकंदाला दोनदा झुंजतो. १५० हर्ट्झचा कंप त्याच मापाने रिषभावर चढा बसतो. ग्रीडची वारंवारता ठरवून दिलेल्या ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात हलत राहते, त्यामुळे हा परका सूर स्थिरही नसतो. गवय्याला ‘आज तंबोरा लागत नाही’ असं वाटतं, तेव्हा खुंटी पिळण्याआधी डिमर बंद करून पाहायला हरकत नाही. संगीत नाटकात तर ऑर्गनही त्याच भांडणात ओढला जातो.

तपासाचा क्रम सोपा आहे. महाग उपकरण लागत नाही, लागतो तो संयम. आवाज चालू ठेवून दिव्यांचे फेडर हळूहळू वर-खाली करा. घरघर त्याबरोबर बदलली तर डिमर, नाही बदलली तर दुसरं काही. मग मिक्सरवर एकेक चॅनेल म्यूट करा. एखाद्याच चॅनेलबरोबर घरघर गेली तर ती वायर किंवा तो माइक. सगळे म्यूट करूनही राहिली तर मिक्सर ते अॅम्प्लिफायरचा मार्ग किंवा पुरवठा. वायरी मोकळ्या करून जरा लांब सरकवा आणि जिथे ओलांडणं अटळ आहे तिथे काटकोनात ओलांडा. आणि एक जुनाट पण अचूक हत्यार: बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर रेडिओ मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावा आणि हातात धरून भिंतीजवळून, बारखालून, रंगमंचाच्या काठावरून चाला. दिव्यांची वायर भिंतीत कुठून गेली आहे, ते नकाशात नसलं तरी रेडिओ ओरडून सांगतो. इतक्या स्वस्तात होणारी तपासणी बहुतेक नाट्यगृहांत एकदाही होत नाही. एक तर ती कुणाचंच काम नसते. आणि तिसरी घंटा वाजायला तासभर उरलेला असताना आलेल्या मंडळींना घरघरीचं मूळ शोधण्यापेक्षा ती झाकणं जास्त परवडतं.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप एलईडीचा. हॅलोजन जात चालले, एलईडी दिव्यांना डिमर लागत नाही, त्यांचा उजेड आतल्या आत कमी-जास्त होतो. मग दहा वर्षांत संपणाऱ्या प्रश्नासाठी भिंती कशाला ठरवायच्या? आक्षेपात तथ्य आहे. नव्या नाट्यगृहाने एलईडीच घ्यावेत. पण प्रश्न त्याने संपत नाही, वेष बदलतो. प्रत्येक एलईडी दिव्यात स्विचिंग पुरवठा असतो. तोही लहरीच्या माथ्यावर झटक्याने प्रवाह ओढतो, त्यामुळे स्वस्त दिव्यांत तिसरा कंप न्यूट्रलमध्ये साठतोच. शिवाय आतल्या फिल्टरमधून प्रत्येक दिवा थोडा प्रवाह अर्थमध्ये सोडतो. एकाचा नगण्य, पन्नासांचा नव्हे. त्यात मराठी नाटक दौऱ्यावर जगतं. व्यावसायिक संस्था आपला प्रकाश बरोबर आणते, आणि राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारा तालुक्याचा संघ जे भाड्याने परवडेल ते आणतो, आणि ते अनेकदा हॅलोजनचे जुने पार दिवे आणि चोक नसलेले डिमरच असतात. प्रेक्षागृहाचे दिवे हळूहळू मालवणारा डिमर तर कुणाच्या यादीतच नसतो. दिव्यांच्या तीन पिढ्या येतील-जातील, भिंतीतल्या वायरी त्याच राहतील.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि कोल्हापुरात तो हमखास येणार: केशवरावांना कुठे माइक लागत होता? १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर त्यांनी संयुक्त ‘मानापमान’ केलं तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हताच. वास्तूचं ध्वनिशास्त्र चांगलं करा, माइकच काढून टाका. हे मला मनापासून आवडलं असतं. पण तेव्हा डोक्यावर पंख्यांची आणि वातानुकूलनाची घरघर नव्हती, बाहेर आजची रहदारी नव्हती, आणि नट वर्षानुवर्षं गळा फेकण्याची तालीम करत. आजचं नाटक कुजबुजतं, आणि कुजबुजण्याचा त्याला हक्क आहे. उलट वास्तू जितकी चांगली आणि शांत, तितकी उरलेली घरघर उघडी पडते. तिसरा आक्षेप डिजिटल मिक्सरचा. रंगमंचावरच आवाजाचे आकडे करून ते नेटवर्कच्या तारेतून मागे नेले तर लांबच्या वायरीतली घरघर खरोखर जाते, आणि हे करावंच. पण माइकपासून त्या पेटीपर्यंतची पाच-दहा मीटर, म्हणजे फूटलाइटच्या शेजारची नेमकी तीच धोक्याची पट्टी, जुन्याच पद्धतीची राहते.

उजेड आणि आवाजाचं हे भांडण नाट्यगृहापुरतंही नव्हतं. बोलपट आला तेव्हा हॉलिवूडच्या स्टुडिओंतल्या कार्बन आर्क दिव्यांची गुणगुण माइकमध्ये येऊ लागली. १९२८ मध्ये तिथल्या अकादमीने बल्बच्या दिव्यांच्या रीतसर चाचण्या घेतल्या, आणि आर्क नंतर परतले तेव्हा त्यांच्या लाइनमध्ये चोक बसवलेले होते. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली १९२९ मध्ये. तिचा बोलपट ‘अयोध्येचा राजा’ आला १९३२ मध्ये. म्हणजे हे गाव जेव्हा बोलपट करायला शिकत होतं, तेव्हा उजेडवाले आणि आवाजवाले यांना एका टेबलावर बसवल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, हे जगाला कळून चुकलं होतं.

आपल्याकडे ते टेबल नसतं. सरकारी किंवा पालिकेच्या कामात विद्युतीकरणाचा ठेका एकाचा, रंगमंच प्रकाशाचा दुसऱ्याचा, ध्वनियंत्रणेचा तिसऱ्याचा, आणि ध्वनीवाला येतो तेव्हा भिंती रंगवून झालेल्या असतात. खर्चाचा आक्षेप इथेच गळतो. बांधकाम चालू असताना आवाजाची वायर प्रेक्षागृहाच्या उजव्या भिंतीतून आणि दिव्यांची डाव्या भिंतीतून नेण्याला जास्तीचं लागतं ते नकाशावरची एक रेघ हलवण्याइतकंच. आवाजाच्या वायरीला लोखंडी पाइप, डिमरच्या प्रत्येक फेजला पुरून उरेल असा न्यूट्रल, सर्व अर्थांची एक पट्टी, डिमरची खोली मिक्सरच्या जागेपासून दूर, हे सगळं मिळून खुर्च्यांच्या खर्चापुढे किरकोळ आहे. नंतर करायचं तर भिंत फोडावी लागते, आणि वारसा वास्तूची भिंत फोडायला परवानगी कोण देणार? म्हणून माझी मागणी एका कलमापुरती आहे. ती तिन्ही ठेक्यांच्या निविदांत सारखीच लिहावी. काम ताब्यात घेण्याआधी, रिकाम्या प्रेक्षागृहात, पंखे आणि वातानुकूलन बंद करून, सगळे डिमर अर्ध्यावर भारासह लावावेत, सगळे फूट माइक नाटकाला लागतो तेवढ्या गेनवर उघडावेत, आणि शेवटच्या रांगेत ध्वनिपातळी मोजावी. मग डिमर बंद करून पुन्हा मोजावी. दोन आकड्यांत फरक दिसला तर तिन्ही ठेकेदारांची शेवटची बिलं तो फरक जाईपर्यंत थांबवावीत. मोजायला स्थानिक रंगकर्मींपैकी कुणीतरी असावा, आणि त्याच्या सहीशिवाय ताबापत्र पुरं होऊ नये.